एलआयसी विकली म्हणे! किती आणि कोणाला?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज अजूनही फिरतोय. सारांश असा: ‘एलआयसी विकली, आता ती खासगी कंपनी. सरकारी हमी संपली. शेअर कोसळला की तुमचा बोनसही बुडणार. वेळीच सरेंडर करा, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडून पैसे घ्या.’

आधी ‘विकली’चं बघू. मे २०२२ मध्ये सरकारने आपल्या शंभर टक्क्यांतले साडेतीन टक्के शेअर ९४९ रुपयांनी विकले. साडेशहाण्णव टक्के स्वतःकडेच ठेवले. बाजारात नोंदणी झाल्याने कंपनी खासगी होत असती, तर स्टेट बँक केव्हाच खासगी झाली असती. पुढे आणखी शेअर विकायचे म्हटले, तरी २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार सरकारला या पहिल्या विक्रीपासून पाच वर्षं ७५ टक्क्यांच्या आणि त्यानंतर कधीही ५१ टक्क्यांच्या खाली जाता येत नाही. संसद कायदा बदलू शकते, हे मान्य. पण तशी दुरुस्ती झालेली नाही.

हमीचं म्हणाल तर १९५६ च्या एलआयसी कायद्यातलं कलम ३७ जागच्या जागी आहे. विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस रोखीने देण्याची हमी केंद्र सरकारची. पुढच्या वर्षी बोनस किती, याची हमी आधीही कोणी दिली नव्हती.

शेअर पहिल्याच दिवशी आपटला आणि मेसेजला जोर चढला. पॉलिसीधारक म्हणून ६० रुपयांची सवलत घेऊन अर्ज भरलेल्यांनाही फटका बसला, पण तो शेअरहोल्डर म्हणून. त्यांच्या पॉलिसीतला एक पैसाही हलला नाही. बोनस निघतो तो विमा फंडाच्या मूल्यांकनातून उरणाऱ्या सरप्लसमधून, म्हणजे देणी बाजूला काढल्यावरच्या शिलकीतून. एलआयसीच्या स्वतःच्या शेअरचा भाव त्या हिशेबात येतच नाही.

खरा बदल याच सरप्लसच्या वाटणीत झालाय आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. पूर्वी एकच फंड होता. सरप्लसचे किमान ९५ टक्के पॉलिसीधारकांना आणि ५ टक्के सरकारला जायचे. आता फंडाचे दोन भाग झालेत. बोनसवाल्या पॉलिसींच्या फंडात वाटणी टप्प्याटप्प्याने ९०:१० वर आणली. टर्म इन्शुरन्ससारख्या बिनबोनसच्या पॉलिसींचा सगळा नफा शेअरहोल्डरांकडे, म्हणजे मुख्यतः सरकारकडेच जातो. शिवाय शेअरविक्रीतून आलेले २० हजार कोटींहून अधिक रुपये थेट सरकारी तिजोरीत गेले, एलआयसीला त्यातला छदामही मिळाला नाही. ओरड करायचीच असेल तर या दोन गोष्टींवर करा. खासगीकरणाची आवई उठवली की या बाजूलाच पडतात.

राहिला सरेंडरचा सल्ला. शाखेत जाऊन सरेंडर व्हॅल्यूचं कोटेशन मागा आणि भरलेल्या हप्त्यांच्या बेरजेशेजारी ठेवून बघा. पॉलिसी नवी असेल तर खड्डा मोठा दिसेल. आणि सरेंडर केलं की विमा संरक्षणही तिथेच संपतं.