नकाशा लाल दिसला म्हणून राउटरमध्ये सेफ्टीपिन घालू नका

परवा सकाळी नाशिकहून मावशीचा फोन. नेट बंद आहे, कॉम्प्युटरवर मेलपण उघडत नाहीये. म्हटलं केबलवाल्याला फोन कर. तर म्हणाली, अगं त्याच्याआधी मी मेसेजमधलं सगळं करून बसले, राउटरच्या मागच्या बारक्या भोकात सेफ्टीपिन घालून दहा सेकंद दाबली, आता वायफायचं नावच बदललंय. तो मेसेज मागवून घेतला तर तोच निघाला, जो आठवडाभर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय आणि ज्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: डाउनडिटेक्टर या, कुठली सेवा बंद पडलीय ते दाखवणाऱ्या वेबसाइटच्या नकाशावर तुमचं शहर लाल दिसलं की तिथला सर्व्हर हॅक झाला, तुमची मेल चोरांच्या हातात गेली, कंपन्या हे लपवतात, म्हणून लगेच राउटर रिसेट करा, पासवर्ड बदला आणि खालच्या नंबरवर फोन करून लाइन व्हेरिफाय करून घ्या.

आधी नकाशा. डाउनडिटेक्टर कुणाची केबल तपासत नाही. लोक तिथे जाऊन मला प्रॉब्लेम येतोय असं बटण दाबतात, सोशल मीडियावरच्या तक्रारीही धरल्या जातात, आणि त्या वेळेला नेहमी येतात त्याच्यापेक्षा तक्रारी खूप वाढल्या की गडबड आहे असं दाखवतात. म्हणजे लाल रंग तक्रारींच्या संख्येचा आहे. मुंबई, पुणे, दिल्लीत माणसं जास्त, तक्रारी जास्त, म्हणून तिथे लाल. उलट मावशीच्या गल्लीतल्या तीसचाळीस घरांचं नेट गेलं तर नकाशावर ठिपकाही उमटणार नाही. आणि घरचं वायफाय गेलेला माणूस जीमेल बंद आहे म्हणून तक्रार टाकतो, तीही मोजली जातेच. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाइट जिच्या भरवशावर चालतात ती सेवा, कोसळलं तेव्हा डाउनडिटेक्टरच उघडत नव्हतं, त्याचा तरी विचार करा.

आता हॅक. १४ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आठवते का? जीमेल, यूट्यूब, ड्राइव्ह सगळं जगभर पाऊण तासाच्या आसपास बंद होतं आणि तेव्हाही हॅकचे मेसेज आलेच होते. गूगलने नंतर स्वतः सविस्तर कारण दिलं. कुठल्या सिस्टिमला किती जागा आणि ताकद द्यायची याचा कोटा ठरवणारी त्यांची व्यवस्था बदलणं चालू होतं, जुन्या व्यवस्थेचा एक तुकडा तसाच राहिला होता आणि तो लॉगिन तपासणाऱ्या सिस्टिमचा वापर चुकून शून्य दाखवत होता, मग आपोआप तिचा कोटा कापला गेला आणि तुम्ही कोण आहात हे ओळखणंच बंद पडलं. चोरबिर कुणी नव्हता. लॉगिन न करता यूट्यूब उघडलं तर व्हिडिओ चालत होते. आता सांगा, जिथे लॉगिन तपासणारी यंत्रणाच आडवी झालीय तिथे पासवर्ड बदलून काय होणार? दहा वेळा प्रयत्न करून माणूस नवा पासवर्ड विसरतो, एवढंच होतं.

पण सगळ्यात संताप येतो तो राउटर रिसेटच्या सल्ल्याचा. बंद करून चालू करणं वेगळं, त्याने काही बिघडत नाही. पिन घालून रिसेट केलं की केबलवाल्याने आत भरून ठेवलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं. मावशीला व्हिडिओ कॉल करून राउटरचा डबा दाखवायला लावला, एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, बहुतेक बाहेर वायर तुटलीय. तशीच होती, कोपऱ्यावर गटाराच्या कामाला आलेल्या जेसीबीने तोडलेली. दुपारी तीनला पोरगा येऊन जोडून गेला, शेजाऱ्यांचं नेट चालू झालं. मावशीचं नाही, कारण युजरनेम ऑफिसात आणि ते टाकून देणारा माणूस रजेवर. एक अख्खा दिवस त्या मेसेजपायी गेला.

नंबराबद्दल एवढंच, तो कुठल्याच कंपनीचा नाही. व्हेरिफायच्या नावाखाली ओटीपी मागतात किंवा स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावतात. मावशीने फोन केला नव्हता, नशीब. तुमच्या घरात कुणी केला असेल आणि पैसे गेले असतील तर आत्ता, हे वाचणं सोडून, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

कंपन्या लपवतात, यात मात्र थोडं तथ्य आहे, मानावं लागतं. सेवा झोपलेली आणि त्यांच्या स्टेटस पानावर सगळं हिरवंगार, असं होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड स्टोरेज सेवा पडली तेव्हा त्यांना स्टेटस पानच बदलता येईना, कारण ते पान त्याच सेवेवर अवलंबून होतं. पण पान उशिरा बदलणं म्हणजे तुमची मेल चोरीला जाणं नव्हे.

मावशीला मी एवढंच लिहून दिलंय: मोबाइलचं वायफाय बंद कर, सिमच्या डेटावर तीच मेल उघड. उघडली तर मेल ठीक, दोष आपल्या लाइनचा, डब्यावरचा दिवा बघ आणि केबलवाल्याकडे तक्रार नोंदवून नंबर घे. सिमवरही नाही उघडली आणि नाशिकरोडच्या ताईकडेही नाही उघडली, तर तासभर थांब, आणि सेफ्टीपिन कपाटात ठेव.