युद्धाच्या कथा दुरूनच रम्य असतात

दूर कुठे युद्ध पेटतं, त्या युद्धाशी कागदोपत्री काहीही देणंघेणं नसलेली माणसं मेणबत्त्या आणि फलक घेऊन चौकात उभी राहतात, आणि दोन दिवसांत तो मजकूर फोनवर येतो. युद्ध बदलतं, देशाचं नाव बदलतं, मजकूर बदलत नाही. सारांश असा: ‘मोर्च्यांनी आजवर एकही युद्ध थांबलेलं नाही. २००३ साली अख्खं जग रस्त्यावर होतं, काय झालं? ज्यांची नावंही धड उच्चारता येत नाहीत त्यांच्यासाठी रडणं हा दिखावा आहे. आणि त्या दुसऱ्या युद्धाच्या वेळी कुठे होतात? अशा रडारडीने सैनिकांचं मनोबल खचतं. आधी घरचं बघा.’

हा मजकूर मला ज्यांनी पाठवला ती माणसं निर्दय नाहीत. त्यात एक-दोन ओळी खऱ्याही आहेत, म्हणून तर तो इतका फिरतो. शिवाय अशा मेणबत्तीच्या रांगेत मी स्वतः उभी राहिले आहे. वाऱ्याने वात तिसऱ्यांदा विझली तेव्हा ‘आपण इथे नेमकं काय करतोय’ हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून एकेक ओळ घेऊ.

‘मोर्च्यांनी एकही युद्ध थांबलेलं नाही.’ यासाठी दाखला म्हणून नेहमी १५ फेब्रुवारी २००३ दिला जातो, आणि तो वजनदार आहे हे मान्य करूनच पुढे जायला हवं. त्या दिवशी जगभरच्या सुमारे ६०० शहरांत लोक इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध बाहेर पडले. एकट्या रोममध्ये ३० लाखांचा आकडा सांगितला गेला. अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरही काही जण बर्फात उभे राहिले. आणि २० मार्चला युद्ध सुरू झालं. इथे मजकूर लिहिणाऱ्याची गोष्ट संपते.

पण या दोन तारखांच्या मधे १ मार्च आहे. त्या दिवशी तुर्कस्तानच्या संसदेत ठराव होता: अमेरिकेच्या सुमारे ६२,००० सैनिकांना तुर्की भूमीवर उतरू द्यायचं आणि तिथून इराकवर उत्तरेकडची आघाडी उघडू द्यायची. बाहेर अंकाराच्या रस्त्यांवर हजारो लोक होते, देशाचं जनमत उघडपणे विरोधात होतं. ठरावाच्या बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त पडूनही ठराव पडला, कारण हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मतं लागत होती आणि तीन कमी पडली. अमेरिकेच्या एका अख्ख्या पायदळ डिव्हिजनची सामग्री भूमध्य समुद्रात जहाजांवर ताटकळत होती. ती सुएझमार्गे वळसा घालून कुवेतला न्यावी लागली. युद्ध थांबलं का? नाही. पण ‘काहीच फरक पडला नाही’ हे वाक्य त्या जहाजांवरच्या एखाद्या अधिकाऱ्याला ऐकवून बघायला हवं होतं.

आणखी मागे जाऊ. १९६९ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या निक्सन सरकारने उत्तर व्हिएतनामला आतून दम दिला होता: १ नोव्हेंबरपर्यंत वाटाघाटीत हालचाल दिसली नाही, तर फार मोठा घाव घालू. त्याच सुमारास १५ ऑक्टोबरला देशभर कामधंदा थांबवून निषेध करण्याची हाक दिली गेली होती. निक्सन यांनी २६ सप्टेंबरला पत्रकारांना सांगून टाकलं की याचा माझ्यावर कसलाही परिणाम होणार नाही. १५ ऑक्टोबरला सुमारे २० लाख लोक सामील झाले. १ नोव्हेंबर आला आणि गेला. तो घाव पडलाच नाही. पुढे निक्सन यांनीच आठवणींत लिहून ठेवलं की वरकरणी आपण निषेधांकडे दुर्लक्ष दाखवत होतो, पण एवढ्या निदर्शनांनंतर युद्ध वाढवलं तर देश दुभंगेल हे आपल्याला कळलं होतं. म्हणजे त्या दिवशी फलक धरून उभ्या असलेल्या माणसाला आपण काय अडवलं याचा पत्ता लागायला जवळजवळ दहा वर्षं गेली. त्या रात्री घरी जाताना त्यालाही ‘काय उपयोग झाला’ असंच वाटलं असणार. (पुढच्याच वर्षी निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घातलं, हेही सांगायलाच हवं. मोर्च्यांनी युद्ध थांबवलं असा उलटा दावा मी करत नाही.)

२०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियात लष्करी कारवाई करायची का, यावर ब्रिटनच्या संसदेत मतदान झालं. २७२ बाजूने, २८५ विरोधात. बोलायला उठलेले खासदार एकामागून एक इराकचं नाव घेत होते. दहा वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर जे हरलं, ते तिथे सभागृहात बसून होतं. तो निर्णय सीरियातल्या माणसांच्या भल्याचा ठरला का, यावर वाद होऊ शकतो, माझ्या मनातही तो चालू आहे. पण परिणाम न झालेल्या गोष्टीवर असा वाद होत नसतो.

खरं तर ‘युद्ध त्याच दिवशी थांबलं का’ ही पट्टी दुसऱ्या कुणालाच लावली जात नाही. एका लढाईने युद्ध संपलं नाही म्हणून ती लढाई फुकट गेली, असं कोणता सेनापती म्हणतो? ही पट्टी फक्त निःशस्त्र माणसांसाठी राखून ठेवलेली आहे.

आता ‘दूर’ या शब्दाकडे. मजकुराचा सगळा जोर त्याच्यावर आहे. दूरचं युद्ध, परकी माणसं, आपला काय संबंध. आपल्याकडे ‘युद्धस्य कथा रम्याः’ म्हणतात. पूर्ण सुभाषितात तीन गोष्टी दुरून रम्य सांगितल्या आहेत आणि युद्धाची कथा ही त्यातली एक. ज्याला ती दुरूनही रम्य वाटेनाशी होते, तो माणूस मजकूर लिहिणाऱ्याला खुपतो.

पण मेलेली माणसं सोडली, तर त्या युद्धातलं नेमकं काय दूर असतं? जुलै १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती आणि पाकिस्तानला जाणारी अमेरिकी लष्करी सामग्री बंद झाल्याचं सांगूनही ती जातच होती. ‘पद्मा’ नावाचं पाकिस्तानी मालवाहू जहाज बाल्टिमोरच्या बंदरात माल भरायला येत होतं. तिथल्या काही क्वेकर (युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) आणि इतर नागरिकांनी होड्या काढल्या. सहलीच्या, वल्ह्याच्या, दोन माणसांच्या होड्या. त्या घेऊन ते त्या अजस्र जहाजाच्या वाटेत गेले. पोलिसांनी त्यांना उचललं, ते चित्र बातम्यांत आलं, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर काम करायला नकार दिला. ढाका त्यांच्यापासून हजारो मैल दूर होतं. ढाक्यात पोचणारी पेटी हाताच्या अंतरावर होती.

मे २०१९ मध्ये इटलीतल्या जिनोआ बंदरात हेच झालं. ‘बाहरी यानबू’ या सौदी जहाजावर जनरेटर चढवायचे होते. ते येमेनच्या युद्धात वापरले जातील, म्हणून गोदी कामगारांनी ते चढवले नाहीत. जहाज तो माल न घेता गेलं. शस्त्रं, कर्ज, इंधन, विमा, संसदेतलं मत यांपैकी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी गावातून, कुणाच्या तरी करातून आणि सहीतून जाते. युद्ध दूर ठेवायला बरीच माणसं जवळ कामाला लागलेली असतात.

‘नावं उच्चारता येत नाहीत.’ बरं. तर मग शिकता येतात. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाखालच्या चीनला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यातले द्वारकानाथ कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. सगळ्यांना ते जमणार नाही, मान्य. नोव्हेंबर १९६९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लोकांनी सोपी गोष्ट केली. आर्लिंग्टनच्या दफनभूमीपासून एकामागे एक अशी रांग निघाली. प्रत्येकाच्या गळ्यात एका मेलेल्या सैनिकाच्या नावाचा फलक, काहींच्या गळ्यात उद्ध्वस्त झालेल्या व्हिएतनामी गावाचं नाव. व्हाइट हाउससमोर आल्यावर ते नाव मोठ्याने उच्चारायचं आणि पुढे जाऊन फलक शवपेटीत ठेवायचा. ४०,००० हून जास्त माणसं. जवळजवळ ४० तास, रात्रीही, थंडीतही. मजकूर याला दिखावा म्हणेल. हो, होताच तो दिखावा. लपवलेलं दाखवणं हेच त्यांचं काम होतं.

दुःख खोटं असेल तर ते निरुपद्रवीही असायला हवं. १४ जानेवारी २०२३ ला युक्रेनमधल्या निप्रो शहरातल्या एका राहत्या इमारतीवर रशियन क्षेपणास्त्र पडलं, ४६ माणसं मेली. मॉस्कोत लेस्या उक्राइन्का या युक्रेनी कवयित्रीचा पुतळा आहे. लोक एकेकटे येऊन त्याच्या पायाशी फुलं ठेवू लागले. घोषणा नाही, भाषण नाही, कार्नेशनची फुलं आणि काही खेळणी. फुलं उचलून नेली गेली, लोकांनी पुन्हा आणली. तिथे पोलिसांची गाडी उभी राहिली आणि काही जणांना ताब्यात घेतलं गेलं. ज्या शोकाला कवडीची किंमत नाही, त्याच्यावर पहारा कशासाठी बसवायचा?

‘त्या दुसऱ्या युद्धाच्या वेळी कुठे होतात?’ हा वार मात्र लागतो. आपण निवडून रडतो. कॅमेरे जिथे पोचतात तिथे रडतो, आपल्यासारखी दिसणारी मुलं असली की जास्त रडतो. सुदानसाठी चौकात किती जण आले होते, हे मी स्वतःलाच विचारते आणि उत्तर आवडत नाही.

पण या खऱ्या आरोपातून मजकूर जो निष्कर्ष काढतो तो बघा: तिथे रडला नाहीत, म्हणून इथेही रडू नका. एमिली हॉबहाउसचं उदाहरण यावर मला फार उपयोगी वाटतं, कारण ती निर्दोष नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याने बोअरांची, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांची, शेतं जाळून बायकामुलांना छावण्यांत कोंडलं होतं. ही ब्रिटिश बाई १९०० च्या अखेरीस तिकडे गेली आणि पाहिलेलं तिने जून १९०१ मध्ये लंडनमध्ये अहवाल लिहून मांडलं. तिला देशद्रोही ठरवलं गेलं. त्याच ऑक्टोबरमध्ये ती परत गेली तेव्हा केप टाउनला उतरूही न देता तिला परत पाठवलं. पण आरडाओरडा इतका झाला होता की सरकारला स्त्री-मताधिकार चळवळीतल्या मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं चौकशी मंडळ पाठवावं लागलं. गोऱ्यांच्या छावण्यांतला मृत्युदर ऑक्टोबर १९०१ मध्ये वर्षाला हजारी ३४४ असा भयंकर होता; फेब्रुवारी १९०२ पर्यंत तो ६९ वर आला. तोवर सुमारे २८,००० बोअर मेले होते, त्यातली २२,००० मुलं.

आणि काळ्या आफ्रिकी लोकांच्या वेगळ्या छावण्या? तिथेही किमान १४,००० माणसं मेली, बहुधा बरीच जास्त. हॉबहाउस त्या छावण्यांत गेलीच नव्हती. त्यांचीही चौकशी व्हावी असं तिने म्हटलं होतं, एवढंच. आजचा मजकूरवाला तेव्हा असता, तर त्याने तिला बरोबर याच मुद्द्यावर गाठून गप्प केलं असतं, आणि त्याने काळ्या छावण्यांतलं एकही मूल वाचलं नसतं. १९१३ मध्ये ब्लूमफाँटेनला मृत बोअर स्त्रिया-मुलांचं स्मारक उभं राहिलं तेव्हा तिने पाठवलेल्या भाषणात विचारलं होतं: जे भांडण त्यांचं नव्हतंच त्यात काळ्या वंशाचे किती हजार लोक या छावण्यांत मेले, याची आज आठवण ठेवायला न्याय आपल्याला सांगत नाही का? उशीर झाला होता, पण रडण्याचं वर्तुळ मोठं झालं होतं. ‘तेव्हा कुठे होतात’ विचारणाऱ्यांना मी आता एवढंच म्हणते की त्या युद्धासाठी तुम्ही उभे राहा, मी येते. अजून कुणी बोलावलेलं नाही.

मनोबलाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २३ एप्रिल १९७१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांकडे आपली पदकं भिरकावणारे शेकडो लोक व्हिएतनाममध्ये लढून आलेले सैनिकच होते. त्यांचं मनोबल कुठे खचलं, ते त्यांना विचारायचं.

राहता राहिलं ‘आधी घरचं बघा’. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, हा वैताग मला कळतो. घरी दुःख कमी असतं असं कुणीच म्हणत नाही. १९१९ च्या लंडनमध्येही नव्हतं. युद्धाने पोखरलेली घरं गल्लोगल्ली होती. तरीही एग्लांटाइन जेब ही ब्रिटिश समाजसेविका ट्रफाल्गर चौकात पत्रकं वाटत उभी राहिली. युद्ध थांबलं होतं, पण शत्रूराष्ट्रांची नाकेबंदी चालूच होती, आणि पत्रकावर उपासमारीने खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलांचं चित्र होतं. शत्रूची मुलं. परवानगीशिवाय असं पत्रक छापल्याबद्दल तिच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंड. निकालानंतर ज्याने तिच्याविरुद्ध खटला चालवला त्या सरकारी वकिलाने, आर्चिबाल्ड बॉडकिनने, स्वतःच्या खिशातून पाच पौंड काढून तिला देऊ केले. तिने ते घेतले आणि उपाशी मुलांच्या निधीत टाकले.