चालतंय ना दादा!

आज सकाळी एका पोराचा सी प्लस प्लसचा कोड बघायला घेतला अन् डोकंच सटकलं. पोरगं लातूरचं, हुशार, लाईट गेली तर मोबाईलच्या नेटवर मिटिंगला बसणारं. फंक्शन कॉन्स्ट पॉइंटर घेतंय, म्हणजे डेटाचा पत्ता घेतंय पण तुमच्या डेटाला हात लावणार नाही असं लिहून देतंय, आणि दुसऱ्याच ओळीत कॉन्स्ट-कास्ट मारून, म्हणजे तो कॉन्स्टच काढून टाकून, त्यातच लिहितंय. विचारलं तर म्हणे, "चालतंय ना दादा!"

अरे चालतंय म्हणजे काय??

मी बी असंच चालवलं होतं. पहिली नोकरी, वाळूजला एका छोट्या वर्कशॉपात, मोंढ्यातल्या वजनकाट्याचं काम, सी प्लस प्लसमधी. कॅलिब्रेशनचा, म्हणजे काटा बरोबर वजन दाखवावा म्हणून हिशोबात धरायचा आकडा मीच मेन फंक्शनच्या आत कॉन्स्ट इंट, म्हणजे कधी न बदलणारा पूर्णांक, म्हणून 1000 लिहिलेला. मग मालक म्हणले, काट्यावरूनच बदलता आला पाहिजे. आता कोण सगळं परत लिहीत बसतंय, जालन्याची गाडी पकडायची होती, मारला कॉन्स्ट-कास्ट अन् पॉइंटरमधून 1012 घातलं. काट्यावर 20 किलोचं लोखंडी माप ठेवलं तर वजन 19.76. सेटिंगच्या पानावर मात्र 1012 दिसतंय! दोन दिवस लोडसेलला, म्हणजे काट्यातल्या वजन मोजणाऱ्या सेन्सरला, शिव्या घातल्या, वायरी बदलल्या, एकदा तर मापच खोटं आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आलो.

झालं असं होतं की कंपायलरनं, म्हणजे कोडचा मशीनला चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्यानं, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हा बदलणारच नाही म्हणतोय तर मेमरीत कशाला बघायचं, म्हणून हिशोबात थेट 1000 बसवून मोकळा. पॉइंटरनं वाचलं की 1012, नावानं वाचलं की 1000, पत्ता एकच. मुळात कॉन्स्ट असलेल्या गोष्टीत लिहिलं की भाषेच्या नियमात त्याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात, म्हणजे पुढं काय होईल त्याची जिम्मेदारी कोणाचीच नाही. लिनक्सवर असंच स्ट्रिंग लिटरलमध्ये, म्हणजे कोडात अवतरणात लिहिलेल्या मजकुरात, लिहायला गेलं तर बहुतेक वेळा सेगफॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम तिथंच बंद पडतो, तो आला तर पेढे वाटा, निदान कळतं तरी. माझ्या काट्यानं काहीच सांगितलं नाही, गुमान 240 ग्रॅम खाल्ले. मोंढ्यात गेला असता ना तो, तर कुणाच्या कट्ट्यातून गेले असते ते 240 ग्रॅम?

बरं ठीक आहे, जुन्या सी लायब्रऱ्या नुसतं वाचायलाच पॉइंटर घेतात पण कॉन्स्ट लिहीत नाहीत, तिथं कास्ट करावा लागतो, मान्य. मूळ वस्तू कॉन्स्ट नसंल तर नियमानं चालतं बी. पण म्हणून रोज?

आणि कॉन्स्ट-कास्ट परवडला, एवढं लांबलचक नाव, सर्च मारला की सापडतो. खरा चोर तो सीचा कंसातला कास्ट, टाइप बदलतोय म्हणता म्हणता कॉन्स्ट बी काढून घेतो, आवाज नाही काही नाही.

वाळूजचे सिनियर तेव्हा एवढंच म्हणले होते, "शब्द तूच दिला, मोडला बी तूच, अन् शिव्या लोडसेलला?" मला लै लागलं होतं ते. म्हणून पोराला जास्त बोललो नाही, काट्याची गोष्ट सांगितली अन् कास्टनं कॉन्स्ट काढला की बोंब मारणारी कंपायलरची कास्ट-क्वालची वॉर्निंग चालू करून सगळा कोड बिल्ड कर म्हणलं.

आत्ता मेसेज आलाय त्याचा. "दादा, अजून सात ठिकाणी निघालं. त्यातले दोन तुमचे हायत."

बघतो सकाळी.