‘ना द्राक्षं, ना वाईन’ : दिंडोरीहून उत्तर

नमस्कार ताई,

नाशिकजवळच्या दिंडोरीतल्या आमच्या द्राक्षमळ्यावर तुम्ही राहिलात, त्याबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू घरात सगळ्यांनी वाचला. ‘वाईनचा मुलूख म्हणून आलो तर मळ्यात एक घड नाही, चाखायला थेंब नाही, पानांवर निळं विष, इतिहास म्हणजे नुसती जाहिरात आणि दिंडोरीत बघण्यासारखं काहीच नाही.’ पिठलं-भाकरी आवडली असंही लिहिलंत, ते आईला पोचलं.

आधी आमची चूक. तुम्ही १५ ऑगस्टला आलात. त्या दिवशी ड्राय डे, टेस्टिंग सगळीकडे बंद. बुकिंगचा फोन मीच घेतला होता, तेव्हाच सांगायला हवं होतं. पेजवरचा घडांचा फोटो फेब्रुवारीतला आहे, आता त्याखाली महिना टाकलाय.

इकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात खरड छाटणी काडीसाठी, म्हणजे नव्या फांदीसाठी, पाऊस सरता सरता गोडी छाटणी फळासाठी. वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च उतरतात. ऑगस्टात नुसता पाला दिसणार. पण तुमच्या मुलीने जी काडी धरून फोटो काढला, त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढचा घड तेव्हाच धरलेला असतो. छाटणीआधी आम्ही काड्या लॅबला देतो, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे तुम्हाला मळ्यातच सांगितलं असतं, पण मी तेव्हा फवारणीच्या पंपाशी झटत होतो.

ते निळं म्हणजे बोर्डो. मोरचूद आणि चुना, पावसात डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून. नाव पडलंय फ्रान्समधल्या वाईनच्याच मुलखावरून. माझ्या वडिलांनी जन्मभर बोर्डो फवारलं, वाईन मात्र कधी चाखली नाही. तरी फवारलेल्या पानांना मुलांनी हात लावू नये हे खरं, तशी पाटी लावतोय.

इतिहासाचं तुम्ही निम्मं बरोबर बोललात. ‘पिढ्यानपिढ्यांची वाईन’ हे भाच्याने पेजवर घातलं होतं, काढलंय. पिढ्यांची आहेत ती खायची द्राक्षं, थॉमसन, सोनाका. वाईनचं सगळं अलीकडचं. १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाजवळ सुला या वाईन कंपनीच्या राजीव सामंतांनी सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाईनच्या द्राक्षजाती लावल्या, २००० साली त्यांची पहिली वाईन आली. २००१ मध्ये राज्याचं वाईनसाठीचं धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं. मग दिंडोरीतले आमच्यासारखेही वळले. आमच्या दोन एकरांत शिराझ ही वाईनची जात आहे : मणी बारीक, साल जाड, आत बिया. पाहुणे तोंडात टाकतात आणि विचारतात, ‘हे खायचं?’

‘बघण्यासारखं काहीच नाही’ हे मात्र मानणार नाही. जवळच आशेवाडीचा रामशेज किल्ला आहे. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून मुघलांनी वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला कित्येक वर्षं झुंजला. तुम्ही आलात तेव्हा तो ढगात होता, दिसलाच नसणार. पुढे वणी, तिथून सप्तशृंगी गड. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल तर तुम्ही कमीच लिहिलंय.

फेब्रुवारीत परत या, एका रात्रीचे पैसे घेणार नाही. मोठ्यांना वाईन (वय २१ पूर्ण हवं), मुलीला द्राक्षाचा रस. तोडणी उन्हाच्या आत, पहाटेच सुरू होते. कात्री आम्ही देऊ, जुने कपडे तेवढे आणा.