माळढोकाची रेघ आणि मालवणची रापण

सोलापूरच्या माणसानं समुद्रावर बोलू नये, असं आमच्या दाजींचं ठाम मत आहे. बहिणीचं सासर मालवण. गेलो की ऐकवतात, "तुमच्याकडे मासो म्हणजे चिलापी. तुका दर्यातला काय कळता?" दाजी, तरी लिहितो. कागदावर रेघ मारली की खालच्या माणसाचं काय होतं, हे आम्हा करमाळ्याच्या लोकांना तुमच्याइतकंच कळतं.

१९७९ साली आमच्याकडं माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि वर नगरकडचे तालुके. गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आत. जमिनीचे व्यवहार अडायला लागले तेव्हा कुठं आपण अभयारण्यात राहतो हे अनेकांना कळलं. बऱ्याच वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, पण तोवर माळढोक हा लोकांच्या लेखी पक्षी राहिला नव्हता, अडचण झाला होता. आज नान्नजच्या माळावर एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. म्हटलं तर आमच्यापुढं चिमूटभर. पण त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा, म्हणजे ज्या पाण्यात होड्यांची रोजची ये-जा, तिथंच. तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला तो प्रवाळावर राग म्हणून नव्हे. रेघ मारताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"विश्वासात घेऊ" हा आपल्याकडचा लाडका सरकारी शब्द. सगळं ठरवून झालं की विश्वासात घेतात.

आता रापणीचं सांगतो. गेल्या खेपेला दाजींनी पहाटे उठवून किनाऱ्यावर नेलं. होडीनं अर्धवर्तुळ काढत जाळं टाकलं होतं, दोन टोकांचे दोर दोन रांगा ओढत होत्या. मीही एका रांगेत घुसलो. दहा मिनिटांत तळहात सोलवटले. शेजारची आजी म्हणाली, "पाठीन ओढ रे, हातान नको." जाळं वर आलं, मासळी वेगळी झाली आणि वाटे पडले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. मलाही दोन बांगडे मिळाले. कोण कधी जाळं टाकणार, कुणाची पाळी, भांडण झालं तर कुठं बसायचं, हे सगळं त्यांचं ठरलेलं. ज्यांना नियम शिकवायला आपण निघतो, त्यांच्याकडं आधीच नियम असतात.

अर्थात गावचा नियम गावातच चालतो. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर, म्हणजे मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, बंधनं घातली, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडीच्या झगमगाटात मासेमारी करायला बंदी केली. तरी दाजी रात्री लांबवर दिवे दाखवतात. त्या बोटी अडवायला रापणकराच्या हातात काय आहे? गस्तीनौका सरकारचीच लागते. म्हणून मी 'सगळं लोकांवर सोडा' म्हणत नाही. सहव्यवस्थापन म्हणजे लोक आणि सरकार यांनी मिळून कारभार करणं, आणि त्यातला 'सह' दोन्हीकडून हवा.

आणि जमतं की ओ! केरळात अष्टमुडी तलावात शिंपल्या कमी व्हायला लागल्या, तेव्हा मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि अधिकारी एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढायच्या नाहीत, हे मच्छीमारांनी पाळलं. २०१४ मध्ये त्या शिंपल्यांना आंतरराष्ट्रीय शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिल्यांदा. आपल्याकडंही २०१८ पासून जाळ्यात कासव, डॉल्फिन सापडला तर जाळं कापून सोडणाऱ्याला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. दंडानं जे झालं नसतं ते होतंय, कारण फाटलेल्या जाळ्याचा हिशोब कुणीतरी केला.

हे सगळं घोळत होतं म्हणून परवा उजनीच्या फुगवट्यावर गेलो. ओळखीचे एक भोईकाका होडीत बसून जाळ्यातून सकर मासा सोडवत होते. असले काटे त्याला, की मासा निघेपर्यंत जाळ्याची चिंधी. टोपलीत तळहातापेक्षा लहान चिलापी. विचारलं, "काका, एवढी बारकी?" त्यांनी आधी नजर चुकवली. मग जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, दोन बोटं घालून दाखवली. दुसरं बोट जेमतेम गेलं. "वडापच ते, बारीक आसाचं जाळं. बंदी आहे, मला माहिताय. मी आज जाळून टाकतो. पण पलीकडचा टाकणार का?"

पलीकडं म्हणजे पुणे जिल्हा, इंदापूर. वरच्या अंगाला नगर. पाणी एक, जिल्हे तीन. धरण किती टक्के भरलं हे रोज पेपरात येतं, त्यावर भांडायला तिन्हीकडचे पुढारी हजर. पण अलीकडचा भोई आणि पलीकडचा भोई एका सतरंजीवर, समोर मत्स्यखात्याचा साहेब, आणि मधे पसरलेलं जाळं, अशी बैठक मी तरी अजून पाहिलेली नाही. काकांना विचारलं, बोलावलं तर जाल का?

"जाईन की. होडीनं वीस मिनिटं."