माझी बेंबी आणि बाकीचे तज्ज्ञ

माणसाच्या शरीरात बेंबीइतका निरुद्योगी अवयव दुसरा नसेल. अक्कलदाढ निदान दुखून आपलं अस्तित्व दाखवते, अपेंडिक्स सुजून ऑपरेशन तरी करायला लावतं. बेंबी मात्र जन्माच्या दिवशी नाळ कापली की सेवानिवृत्त होते आणि पुढे आयुष्यभर कपड्यांचे धागे गोळा करत बसते. माझं तिच्याशी कधी भांडण नव्हतं. अंघोळ करताना आठवली तर साबण, नाही तर तोही नाही. पण गरोदरपणाचा सहावा महिना लागला आणि या पेन्शनर बाई एकदम कामावर रुजू झाल्या.

आधी ती सपाट झाली, मग एके दिवशी चक्क बाहेर आली. बाहेर आली ती आली, वर हुळहुळी. झिरझिरीत ओढणी घासली तरी चुरचुर. कुशीवर वळलं की आतून कुणीतरी ओढल्यासारखी कळ, आणि शिंक आली की मी बेंबीच्या देठापासून ओरडायची. शेजारी विचारायचे, काय झालं? काय सांगणार? ‘शिंकले’ म्हटलं तर कुणाला पटत नाही.

मग ध्यानात आलं, की जगातल्या सगळ्या टोकदार वस्तू बेंबीच्या उंचीवर बसवलेल्या आहेत. दाराची कडी, बँकेचं काउंटर, रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पर्सचा कोपरा. ऑफिसात ओळखपत्र गळ्यात घालायची सक्ती, आणि त्याची फीत अशा मापाची की कार्डाची कड नेमकी तिथेच आपटे. पावलागणिक टक, टक. शेवटी कार्ड मी पाठीवर टाकलं. त्यामुळे दार उघडायला यंत्राकडे पाठ करून उभं राहावं लागे, आणि मागून येणाऱ्यांना वाटे, ही आपल्याशी बोलायला वळलीय. त्या महिन्यांत माझ्या खूप ओळखी झाल्या.

घरी ओटा. ओट्याची ग्रॅनाइटची कड आणि सहाव्या-सातव्या महिन्यातलं पोट यांची उंची कुणी जुळवून दिली आहे देव जाणे. भांडी विसळून वळलं की कुर्त्यावर बरोबर बेंबीपाशी ओला गोल. तिरकी उभी राहून पोळ्या लाटल्या. त्या गोल झाल्या नाहीत, पण तशा त्या आधीही होत नव्हत्या.

दुखणं एक आणि वैद्य घरभर. सासूबाई म्हणाल्या, “बेंबी सरकलीय.” त्यांच्या माहेरच्या गावी बेंबी बसवून देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना बोलावू म्हणाल्या. आईने फोनवर हिंगाचा लेप सांगितला. आत्येसासूबाईंचं म्हणणं, बाळ आतून नाळ ओढतंय, खोडकर निघणार. शेजारच्या काकूंनी तर माझ्याकडे न बघता थेट पोटाकडे बघून निकाल दिला, “बाहेर आलीय ना? मुलगाच!” त्यांच्या बहिणीच्या मते बाहेर आली की मुलगी. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 मध्ये झाला, सोनोग्राफीच्या खोलीत त्याची पाटी लावावी लागते. पण जिन्यात उभं राहून बेंबीवरून केलेल्या निदानाला तो बहुधा लागू होत नसावा. नवरा सुशिक्षित, त्यामुळे त्याने इंटरनेट उघडलं आणि चहा थंड व्हायच्या आत मला हर्निया, अपेंडिक्स आणि फक्त पुरुषांना होणारा एक आजार असल्याचं जाहीर केलं.

डॉक्टर मॅडमनी मात्र आधी मला आडवं केलं आणि म्हणाल्या, “खोका.” मी भिडस्तपणे खोकले. “अहो, नीट खोका, इथे कुणी झोपलेलं नाहीये.” खोकताना बेंबीपाशी फुगा येतो का, दाबल्यावर आत जातो का, हे त्या बोटाने चाचपत होत्या. हर्निया नव्हता. मग त्यांनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. पोटाच्या भिंतीत बेंबीच्या जागी ना स्नायू ना चरबी. कातडी आणि खाली एक पातळ पडदा, बस्स. नारळ कितीही टणक असला तरी एका डोळ्याशी मऊच असतो, तसं. गर्भाशय बाराव्या आठवड्यात ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर असतं, विसाव्याच्या सुमाराला बेंबीपाशी पोचतं आणि छत्तिसाव्यापर्यंत बरगड्यांच्या मधल्या टोकाला टेकतं. येता-जाता ते ज्या भिंतीला रेटतं, तिची सगळ्यांत नाजूक जागा हीच. त्यात पोटावरचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून फाकतात. शिवाय आपण आईच्या पोटात असताना ज्या नळ्या बेंबीतून आत जात होत्या, त्या वाळून त्यांच्या दोऱ्या होतात. एक यकृताकडे जाते, एक मूत्राशयाकडे. म्हणजे बेंबी आतून चक्क बांधलेली असते आणि पोट वाढतं तसा तो बांध ताणला जातो. आणि बाळाची नाळ जोडलेली असते वारेला. आईच्या बेंबीशी तिचा काडीचा संबंध नाही. आत्येसासूबाईंचा खोडकरपणाचा सिद्धांत तिथेच निकालात निघाला. त्यांनी अर्थातच तो मागे घेतला नाही.

“पोट चोळून घ्यायचं नाही, कुणाकडूनही नाही,” हे मॅडमनी सासूबाईंकडे बघून सांगितलं. आणि मग त्यांचा सूर बदलला, म्हणून इथे मीही जरा सरळ लिहिते. बेंबीचा फुगा कडक झाला, लाल-जांभळा पडला, आत जाईना आणि उलट्या लागल्या, तर तडक हॉस्पिटल. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे सरकून वाढत गेली तर अपेंडिक्स असू शकतं, आणि गरोदरपणी ते नेहमीच्या जागेपेक्षा वर दुखू शकतं. ताप, रक्तस्राव, लघवीला जळजळ, पोट ठरावीक वेळाने घट्ट होणं किंवा दगडासारखं कडकच राहणं, बाळाची हालचाल मंदावणं, उजव्या बरगडीखाली दुखून डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकणं, यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या तर नाहीच, आणि पॅरासिटामॉलही विचारून.

माझं दुखणं यातलं कुठलंच नव्हतं. ते साधं होतं, आणि साध्या दुखण्याचे उपायही इतके साधे निघाले की फी देताना जिवावर आलं. पहिला उपाय, नाडी. सलवारीची गाठ मी वर्षानुवर्षं बेंबीवर मारत आले होते. ती पोटाखाली गेली आणि अर्धं दुखणं तिच्याबरोबर गेलं. मग पोटाला आधार देणारा पट्टा. तो आडवं पडून बांधायचा, दिवसभर नाही, चालण्या-उभं राहण्यापुरता. बेंबीवर मऊ गॉजची घडी आणि कागदी चिकटपट्टी, म्हणजे कापड घासत नाही. खाजेला खोबरेल तेल. (खाज तळहातांना, तळपायांना, तीही रात्री सुटली तर मात्र तेल नाही, डॉक्टर; ते यकृताचं लक्षण असू शकतं.) शिंक-खोकला आला की पोटाला हाताचा आधार. उठताना आधी कुशीवर, मग हातावर जोर देऊन. झोपताना डाव्या कुशीवर, एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये, एक पाठीशी. नवरा गादीच्या उरलेल्या पट्टीत. तक्रार केली तर बेंबी दाखवायची.

सगळं सुरळीत चाललेलं असताना आलं डोहाळजेवण. सासूबाईंची इच्छा हिरवी नऊवारी. नऊवारीची गाठ कुठे येते हे नेसणारीला सांगायला नको. तहाच्या बोलण्यांनंतर गाठ पोटाखाली मारायचं ठरलं आणि मी निर्धास्त झाले. पण फुलांचा कमरपट्टा राहिला होता. मोगऱ्याच्या कळ्या, मध्ये गुलाब, आणि तो गुलाब ज्या तारेवर टोचला होता तिचं टोक हौशी मावशींनी आतल्या बाजूला वळवलेलं. फोटोत माझ्या चेहऱ्यावर जो सात्त्विक भाव आहे, आल्या-गेल्यांनी ज्याला गर्भारपणाचं तेज म्हटलं, ते त्या तारेचं काम. मग ओटी. एकेक सवाष्ण येते, तांदूळ, खण, नारळ पदरात घालते, आणि प्रत्येक नारळ घरंगळत येऊन विसावतो तो तिथेच. काकूंनी सोललेला नव्हे, शेंडीचा आणला होता. पुढे झाकलेल्या वाट्यांतून मी पेढा उचलला तेव्हा त्या विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघत होत्या, “मी म्हटलंच होतं, बेंबी बोलते.”

मुलगी झाली. काकू म्हणाल्या, बेंबी ऐन वेळी फिरली असणार.

माझी बेंबी हळूहळू जागेवर गेली, जराशी सैलावलेली, पण गप्प. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढेनासं झालं, कारण आता घरात नवी आली होती. लेकीच्या नाळेचा तुकडा दुसऱ्या आठवड्यात वाळून पडला. तोवर जागा कोरडी ठेवायची, त्यावर हळद-राख काही लावायचं नाही, असं हॉस्पिटलात बजावलं होतं. नंतर ती रडली की तिथे छोटासा फुगा यायचा. बाळांना असा होतो, बहुतेकांचा वय वाढतं तसा आपोआप बसतो, लक्ष ठेवा म्हणजे झालं, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. काकू मात्र तांब्याचं जुनं नाणं आणि कापडाची पट्टी घेऊनच आल्या. नाणं बेंबीवर दाबून बांधलं की फुगा बसतो म्हणे. मी सासूबाईंकडे बघितलं. माझ्यासाठी बेंबी बसवणाऱ्या बाई बोलावू म्हणणाऱ्या सासूबाईंनी ते नाणं हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि काकूंना परत दिलं.

“हे राहू दे हो. पहिल्यांदा बघताय ना नातीला, हातावर ठेवायचंच असेल तर नोट ठेवा.”