सात तोंडांचा रावण

भाचीच्या बारशासाठी मी हौसेने मल्टीस्टायलर, म्हणजे तोंडं बदलून केस कुरळे-सरळ करायचं विजेचं यंत्र, मागवला. खोकं उघडलं तर सात तोंडं! अजून तीन असती तर रावणच.

'पाच मिनिटांत सलूनसारखे कर्ल्स.' व्हिडिओतली बाई गप्पा मारत बट गुंडाळते, सोडते, झालं. माझं काय? उजवी बाजू कशीबशी जमते. डावीकडे वळले की आरशात सगळं उलटं, क्लिप भलत्याच दिशेला आणि बोट थेट १८० अंशांच्या नळीवर. तोंड बदलायचं तर आधी ते गार होईपर्यंत हातावर हात धरून बसा. त्यात वायर एवढीशी, आणि आमचा प्लग आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर!

एवढं करून डोंबिवलीचा जुलै. उष्णतेने केसांतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे नाजूक जोड, सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात, म्हणून केस वळलेले राहतात. दमट हवा लागली की पुन्हा सुटतात. रिक्षातून हॉलवर पोचेपर्यंत माझे कर्ल्स सपाट, वर फुललेलं गवत. हे खोक्यावर कोण छापणार?

अहो, मला एकच नळी द्या ना. २५ किंवा ३२ मिलिमीटरची, तापमान कमी-जास्त करता येणारी, टोक गार राहणारी, लांब वायरची. उरलेली सहा तोंडं कोणाला हवीत? कपाटात सँडविच टोस्टरशेजारी पडली आहेत.

"ओलसर केसांच्या वेण्या घालून झोप," आई म्हणाली. परवा झोपले. सकाळी केस कुरळे, बोटंही शाबूत.